नाव कमी केलं, म्हणजे सगळं संपलं?

परवाची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी जरा आडवी पडले होते, तेवढ्यात दार वाजलं. बघते तर पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी, आणि त्यांच्यामागे मान खाली घालून उभी असलेली त्यांची मुलगी. वहिनींचे डोळे रडून लाल झालेले. पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी तो हातात धरून ठेवला. पाणी काही प्यायल्या नाहीत.

"ताई, हिचं नाव कमी केलं हो कॉलेजातून."

मुलगी जनरल नर्सिंगच्या, म्हणजे जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला. शिकायला जिल्ह्याच्या गावी, राहायला होस्टेलवर. मध्ये वहिनींचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. घरात करणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ही पोर दीड-दोन महिने गावी येऊन राहिली. तिने ना रीतसर रजेचा अर्ज दिला, ना ऑपरेशनचे कागद जोडले. हजेरी घसरली. दोन विषय आधीच राहिलेले. परत गेली तेव्हा वॉर्डनशी वाद झाला, आणि पुढच्याच आठवड्यात "उद्यापासून येऊ नकोस" असं सांगितलं गेलं. हातात कागद काही नाही. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका अजून तिकडेच अडकलेल्या.

घरी आल्यापासून वहिनींसमोर तीन माणसं तीन सल्ले घेऊन आली होती. सासूबाई म्हणाल्या, आता शिक्षणाचं पुरे, एक स्थळ आलंय, उरकून टाका. बसस्टँडजवळच्या एका क्लासवाल्याने सांगितलं, पंचवीस हजार भरा, सहा महिन्यांत नर्सिंगचं सर्टिफिकेट देतो, घरी बसून. आणि गावातल्या एका खासगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी निरोप धाडला होता, "दोन वर्षं शिकलीय ना? मग बास झालं. उद्यापासून सिस्टर म्हणून ये, सहा हजार देतो."

"यातलं काय करू सांगा. तुम्ही एवढी वर्षं सिस्टर होतात," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, "यातलं एकही नाही."

मैत्रिणींनो, आजचा लेख त्या दुपारचाच आहे. नर्सिंगला गेलेल्या मुली आता घरोघरी आहेत. त्यातल्या काही मध्येच परत येतात. कोणी नापास होऊन, कोणी फी थकून, कोणी आजारपणात, कोणी शिस्तीच्या भानगडीत. अशी परत आलेली मुलगी तोंड लपवून घरात बसते, आणि आजूबाजूचे सगळे शहाणे होतात. तिला खरा रस्ता मात्र कोणी सांगत नाही. तो रस्ता आहे. लांबचा आहे, पण आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, कारण माझंही नाव एकदा कमी झालं होतं.

हो, माझं! इतकी वर्षं या गावात काढली, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या मुलीला सांगितलं, आता तुम्हालाही सांगते.

१९८७ साल. मी जनरल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. बायकांच्या मेडिकल वॉर्डात रात्रपाळी, अठ्ठावीस खाटा, आणि आम्ही दोघी विद्यार्थिनी. पहाटे चारला सगळ्या पेशंटचं टेम्परेचर, नाडी, श्वास घेऊन चार्टवर लिहायचं असतं. त्या रात्री दोन बायका सिरियस होत्या. पाय नुसते भरून आलेले, डोळे मिटत होते. मी पलीकडच्या ओळीतल्या सहा जणींचं टेम्परेचर घेतलंच नाही. चार्टवर सरळ ९८.४, ९८.४ असं लिहीत गेले. सगळ्या मुली कधी ना कधी करतात, असं मनाशी म्हटलं.

पाच वाजता इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. त्या ओळीतल्या तिसऱ्या खाटेवर एक टायफॉइडची पेशंट होती, माझ्याच वयाची. सिस्टरांनी तिच्या कपाळाला हात लावला, चार्ट पाहिला, काही न बोलता स्वतःच्या खिशातला थर्मामीटर झटकून लावला. १०३ ताप. ती बाई वाचली, देवाची कृपा. पण माझ्या नावावर आधीच्या दोन समज होत्या. महिन्याभरात माझी ट्रंक घेऊन मी एसटीत बसले होते.

तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर केवढा अन्याय झाला! आज वाटत नाही. ज्यांनी मला काढलं त्यांनी त्या पेशंटच्या बाजूने विचार केला. माझ्या आईला कोणी असं न बघता ९८.४ लिहिलं असतं, तर मी काय म्हटलं असतं?

वडील आठ महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मग मावशीने एक दिवस एएनएमची जाहिरात कापून आणली. एएनएम म्हणजे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, आपल्या खेडेगावातली "नर्सबाई". तेव्हा तो कोर्स दहावीनंतर दीड वर्षाचा होता. मुलाखतीला सिस्टर ट्यूटरने विचारलं, "जनरल नर्सिंग का सोडलंत?" खोटं बोलायचं ठरवून गेले होते. आजारी होते म्हणून, असं सांगायचं. पण तोंडातून खरंच निघून गेलं. त्या बराच वेळ कागद चाळत राहिल्या. म्हणाल्या, "इथे परत तसं केलंत तर मी एक दिवसही ठेवणार नाही." आणि यादीत माझं नाव लागलं.

एएनएम झाले, नोंदणी झाली, जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रावर लागले. पाच गावं आणि एक सायकल. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली. सात वर्षांनी परत जनरल नर्सिंगला प्रवेश घेतला, एकदम पहिल्या वर्षापासून! वर्गातल्या मुली मला "अहो बाई" म्हणायच्या. पण पूर्ण केलं, आणि अधिपरिचारिका म्हणून रिटायर झाले. माझ्या नोंदणीच्या प्रमाणपत्रावर कुठेही लिहिलेलं नाही की हिला एकदा काढून टाकलं होतं.

म्हणून वहिनींना म्हटलं, आधी पाणी प्या, मग कागद-पेन काढा. त्यांच्या पिशवीतल्या एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला आम्ही सगळं लिहून काढलं. तेच इथे देते.

पहिली गोष्ट, झालंय काय नेमकं? आपण सगळ्याला "काढून टाकलं" म्हणतो, पण त्यात फरक असतो. परीक्षेला बसू न देणं वेगळं. नापास होऊन त्याच वर्षात राहणं वेगळं. आणि शिस्तभंगासाठी नाव कमी करणं अगदीच वेगळं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत किमान ८० टक्के हजेरी लागते. वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाची हजेरी तर प्रमाणपत्र मिळण्याआधी १०० टक्के भरून काढावी लागते. हजेरी कमी पडली असेल तर बहुतेक वेळा प्रश्न परीक्षेचा असतो, आयुष्याचा नसतो! तेव्हा प्राचार्यांना साधा अर्ज लिहायचा, की माझं नाव कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणासाठी कमी केलं, ते लेखी द्यावं. पोच घ्यायची. तोंडी काढलेल्या मुलीला पुढे दाद मागणं फार अवघड जातं, कारण दाखवायला कागदच नसतो.

दुसरी गोष्ट, पुनर्प्रवेशाचा अर्ज. आईच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड जोडायचं, चूक झाली असेल तिथे चूक कबूल करायची, आणि मागच्या बॅचबरोबर बसू द्या अशी विनंती करायची. जीएनएम तीन वर्षांचं असलं तरी ते पूर्ण करायला जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला आठ वर्षं. म्हणजे एखादं वर्ष वाया गेल्याने दार बंद होत नाही. वेळ हातात किती उरला ते बोटांवर मोजायचं, आणि घाई करायची. प्राचार्य ऐकेनात तर संस्थेच्या अध्यक्षांकडे. तिथेही नाही, तर एएनएम-जीएनएमच्या मुलींनी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे, आणि बी.एस्सी.च्या मुलींनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे लेखी जायचं.

तिसरी गोष्ट, मूळ कागद. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. हे तिथे अडकले की मुलगी दुसरीकडे प्रवेशच घेऊ शकत नाही. राहिलेली फी, होस्टेलचं बिल यांचा हिशेब वेगळा मागायचा आणि कागद वेगळे मागायचे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे. पदवीच्या मुलींनी ते दाखवावं. जीएनएमच्या मुलींनीही लेखी मागणी करायला कचरू नये.

चौथी गोष्ट, परत त्या कॉलेजात घेतलंच नाही तर? तर नवीन प्रवेश, दुसरीकडे. इथे बऱ्याच जणींना माहीत नसतं, की जीएनएमसाठी बारावी सायन्सच पाहिजे असं नाही. कोणत्याही शाखेतून बारावी, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण, एवढ्यावर अर्ज करता येतो. मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून बारावी झालेल्या मुलीही चालतात. एएनएमही आता बारावीनंतर आहे, दोन वर्षांचं, आणि तिथेही आर्ट्सची मुलगी चालते. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र सायन्स, त्यात जीवशास्त्र आणि प्रवेशपरीक्षा लागते. नवीन प्रवेश घेताना आधीचं शिक्षण लपवायचं नाही. आणि "तुमचं एक वर्ष धरून देतो" असं कोणी म्हणालं, तर ते कौन्सिलकडून लेखी आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करायची, असं मनाशी धरून चाललेलं बरं.

पाचवी गोष्ट, पायऱ्या. तीन वर्षांचा खर्च पुन्हा झेपत नसेल, तर एएनएमची दोन वर्षं हा हलका मार्ग नाही, पण जवळचा आहे. एएनएम होऊन नोंदणी झाली की नोकरी करता येते, आणि नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश मिळतो. जीएनएमची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षं आहे, पण नोंदणीकृत एएनएमला ती अट नाही. दोन पोरं पदरात असलेली बाईसुद्धा जाऊ शकते. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. म्हणजे जिला बी.एस्सी.चं दार पहिल्यांदा लागलं नाही, ती मागच्या जिन्याने त्याच माडीवर पोहोचते. गुडघे दुखतात एवढंच!

आता जे रस्ते नाहीत त्यांच्याविषयी. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

सहा महिन्यांत घरबसल्या नर्स होता येत नाही. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. यांतलं काहीही पोस्टाने, मोबाइलवर किंवा रविवारच्या क्लासात होत नाही, कारण हे शिक्षण वॉर्डात उभं राहून घ्यायचं असतं. रुग्णसहायक किंवा जनरल ड्यूटी असिस्टंट असे छोटे कोर्स असतात, ते प्रामाणिक असतात, त्यातून पोटापाण्याचं काम मिळतं. पेशंटला अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, भरवणं ही कामं कमी प्रतीची मुळीच नाहीत. पण त्या कोर्सने नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि ते करून वर आणखी पैसे भरले की नर्स होता येतं, असंही नाही. क्लासवाला हे सांगत नाही. म्हणून फी भरण्याआधी एक प्रश्न विचारायचा, "हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणी होईल का? तसं लेखी द्या." बघा, चेहरा कसा बदलतो! शेजारच्या राज्यातल्या कॉलेजचा एजंट आला तरी हाच प्रश्न. कॉलेज मान्य आहे का, हे कौन्सिलकडे विचारायचं. एजंटला नाही.

आणि ती दवाखान्यातली नोकरी? वहिनींना ती सगळ्यात बरी वाटत होती. गावातच, रोज घरी, महिन्याला सहा हजार. मी त्यांना माझ्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट सांगितली. तीही अशीच मध्येच शिक्षण सुटलेली. एका खासगी दवाखान्यात चौदा वर्षं पांढरा ड्रेस घालून राबली. सलाइन लावायची, इंजेक्शनं द्यायची, बाळंतपणात हाताशी उभी राहायची. गाव तिला सिस्टरच म्हणायचं. पुढे सरकारी भरती निघाली, तेव्हा मोठ्या आशेने अर्ज घेऊन माझ्याकडे आली. नोंदणी क्रमांकाची चौकट कोरी. चौदा वर्षांच्या अनुभवाचा डॉक्टरांनी दिलेला दाखला होता, पण नोंदणीच नाही तर तो अनुभव कशाचा धरायचा? तोवर तिचं वय पस्तिशी ओलांडून गेलं होतं, एएनएमलाही घेईनात. माझ्या ओट्यावर बसून ती जे रडली, ते मला आजही आठवतं.

आणि यात पेशंट असतोच ना! इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली, डोस चुकला, तर पहिला प्रश्न येतो, दिलं कोणी? तेव्हा डॉक्टर म्हणतात, तिने दिलं. मग नोंदणी नसलेल्या मुलीच्या मागे कोणीही उभं राहत नाही. १९४७ सालापासून आपल्याकडे नर्सिंगचा कायदा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६६ चा आहे. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि प्रसूतिविद्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला, त्यातही नोंदणीचं रजिस्टर हाच कणा आहे. हे सगळं मुलींना छळायला केलेलं नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला समोरची पांढरी साडी खरी आहे की नुसती नेसलेली आहे, हे कळत नाही, म्हणून केलंय.

त्यामुळे मी कोणाकडे दयेची भीक मागत नाहीये. नोंदणीचे नियम ढिले करा, नापास मुलीला पास करा, असं मी कधीच म्हणणार नाही. तापाचा आकडा न बघता लिहिणारी मुलगी वॉर्डात नकोच. पण माझं म्हणणं एवढंच आहे, की चुकलेल्या मुलीला शिक्षा द्या आणि तिला परत येण्याची वाटही सांगा. दोन्ही एकाच कागदावर लिहिता येतं. नाव कमी करण्याआधी तिचं म्हणणं ऐका. आईवडिलांना बोलावून समोर बसवा. कारण लेखी द्या. तिला परत अर्ज करता येईल का, कधी, कसा, तेही खाली दोन ओळींत लिहा. नर्सिंग शिकवणाऱ्या सगळ्या संस्थांना एवढं सहज जमण्यासारखं आहे. अठरा-एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच घर सोडून आलेली मुलगी आपल्या हाताखाली असते, याची आठवण ठेवली तरी पुष्कळ झालं.

दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं आहे. अशी मुलगी तुमच्याकडे आली तर तिला स्वस्तातली सिस्टर करू नका. मदतनीस म्हणून ठेवा, इंजेक्शनच्या ट्रेला हात लावू देऊ नका, आणि पुढच्या वर्षी एएनएमचा फॉर्म भरायला सुट्टी द्या. जमलं तर निम्मी फीसुद्धा भरा. ती परत येईल तेव्हा तुम्हालाच एक खरी नर्स मिळेल.

आणि घरच्यांना काय सांगू? मुलगा इंजिनिअरिंगला दोनदा गटांगळ्या खातो, तरी आपण म्हणतो, निघेल पुढच्या वर्षी. मुलीचं नाव कमी झालं की मात्र शेजारीण कुजबुजते, "काहीतरी असेल हो, उगाच कोण काढतं." होस्टेलवरून काढलं म्हटल्यावर तर चारित्र्यापर्यंत गाडी जाते. आईने अशा वेळी लेकीच्या बाजूला उभं राहायचं. तिची चूक पोटात घालायची असं नाही म्हणत मी. चूक काय झाली ते तिच्याकडून शांतपणे ऐकून घ्यायचं, आणि पुढच्या अर्जावर पालक म्हणून सही करायला तिच्याबरोबर जायचं. माझ्या वेळी ती सही मावशीने केली होती. वडिलांनी नाही केली.

त्या दुपारी वहिनी शेवटी म्हणाल्या, "पण ताई, ही आता एकवीसची. पुन्हा दोन वर्षं, मग पुढे तीन. आमच्याकडे स्थळं थांबतात होय?"

लग्नपत्रिकेच्या मागे आकडे लिहिलेलेच होते. पुनर्प्रवेश मिळाला तर चोविशीच्या आत जीएनएम. नाही मिळाला आणि एएनएम केलं, तर तेविशीत नोंदणी आणि पगार. पुढचं जीएनएम लग्नानंतरही करता येतं, मीही तसंच केलं. मी म्हटलं, "स्थळ थांबत नसेल तर जाऊ द्या. पण जे येईल त्याला आधी सांगा, की मुलगी अजून शिकतेय."

तेवढा वेळ गप्प बसलेली ती मुलगी पहिल्यांदा बोलली. "मावशी, त्या टायफॉइडच्या बाईंना तुम्ही नंतर भेटलात का?"

मी म्हटलं, नाही, भेटायचं धाडस झालं नाही. पण त्यानंतरच्या साऱ्या नोकरीत मी चार्टवर एकही आकडा न बघता लिहिला नाही. पहाटे चारला हात थर्मामीटरकडे आपोआप जायचा.

ती काही बोलली नाही. पत्रिका घडी करून तिने पर्समध्ये ठेवली.

काल संध्याकाळी परत आली होती. प्राचार्यांना दिलेल्या अर्जाची पोच दाखवायला. शिक्का आहे, तारीख आहे, खाली क्लार्कची सही आहे. उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते "नाही" असंही येऊ शकतं. ते तिला माहीत आहे. गुणपत्रिका मात्र परत मिळाल्या, कारण या वेळी वहिनी स्वतः बरोबर गेल्या होत्या. त्या क्लासवाल्याला तिने नोंदणीचं विचारलं म्हणे. त्याने नंतर फोनच उचलला नाही.

जाताना विचारत होती, "एएनएमच्या मुलाखतीत विचारलं, आधीचं का सोडलं, तर काय सांगू?"

मी म्हटलं, जे झालं तेच सांग. रजेचा अर्ज दिला नाही, वॉर्डनशी वाद घातला. आणि ऑपरेशन झालेल्या आईचं सगळं दोन महिने एकटीने केलं, तेही सांग.